पोट लहान करण्यापूर्वी

साताऱ्याहून सांगलीला एसटीनं जाताना दोघांच्या बाकावर मी बसले, की शेजारची जागा कऱ्हाडपर्यंत रिकामीच राहायची. गाडीत माणसं उभी असली तरी. माझं वजन तेव्हा १०८ किलो होतं आणि उंची पाच फूट एक इंच. मी प्राथमिक शाळेत शिकवते. फळ्यापाशी एक तास उभी राहिले की गुडघे बोलायला लागत. मधुमेहाला नऊ वर्षं झाली होती. झोपेत घोरता घोरता माझा श्वास मध्येच थांबायचा. तो परत सुरू होईपर्यंत आमचे हे अंथरुणात उठून बसायचे, हे मला फार उशिरा कळलं.

वजन कमी करण्याचं ऑपरेशन करावं की नाही, हा प्रश्न दीड वर्ष माझ्या उशाशी होता. त्याच सुमारास सांगलीच्या माझ्या मावसबहिणीच्या, म्हणजे अक्काच्या डोक्यातही तेच घोळत होतं. पुढं मी ऑपरेशन केलं, अक्कानं केलं नाही. मला दोघींचेही निर्णय बरोबर वाटतात. ते कसे झाले, तेवढंच आज सांगते.

सगळ्यात मोठी अडचण पैशांची नव्हती, लाजेची होती. आत्याबाई म्हणाल्या, "देवानं दिलेलं धडधाकट पोट कापायचं? तोंडाला आवर घालता येत नाही होय?" नितीन गडकरींनी २०११ साली मुंबईत असं ऑपरेशन करून घेतलं, तेव्हा आमच्या शिक्षकखोलीत "मोठ्या लोकांची थेरं" म्हणून हसणाऱ्यांत मीही होते. आता पाळी माझ्यावर आली होती.

तोंडाला आवर घातला नव्हता असंही नाही. पहाटे अजिंक्यताऱ्याच्या रस्त्यानं निम्म्या वाटेपर्यंत चढायची. भात सोडला, साखर सोडली, कंदी पेढ्यांच्या दुकानावरून मान वळवून जायची. दोनदा बारा-बारा किलो उतरवले आणि दोन्ही वेळा ते व्याजासकट परत आले. डॉक्टरांनी समजावलं, की वजन उतरलं की शरीर भूक वाढवतं आणि ऊर्जेचा खर्च आखडता घेतं. जास्त लठ्ठ माणसाची ही लढाई नुसत्या निश्चयावर फार क्वचित जिंकली जाते. इतक्या वर्षांत कुणी हे मला सांगितलंच नव्हतं. मी दवाखान्यातच रडले.

मग गणित मांडलं. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागायचं, की बीएमआय येतो. माझा ४५ आला. आपल्याकडच्या लोकांना कमी वजनातच मधुमेह गाठतो, म्हणून डॉक्टरांचे निकष आपल्यासाठी खालचे आहेत. विम्याचे मात्र कडक. विमा नियामकानं २०१९ मध्ये घालून दिलेल्या नियमांनुसार बीएमआय ४० तरी हवा, किंवा ३५ आणि जोडीला ठरावीक गंभीर आजार. शिवाय पॉलिसीची प्रतीक्षा मुदत संपलेली हवी. खर्च काही लाखांत जातो, तेव्हा हे कागद आधी वाचावेत. दवाखान्यात दाखल झाल्यावर ते वाचणारे लोक मी पाहिले आहेत.

ऑपरेशन मुख्यतः दोन तऱ्हांचं असतं. एका प्रकारात पोटाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची नळी उरते. भुकेचं संप्रेरक बरंचसं त्या काढलेल्या भागातच तयार होतं, त्यामुळं भूकही मंदावते. हा भाग पुन्हा जोडता येत नाही. दुसरं बायपास. यात पोटाची छोटीशी पिशवी करून तिला पुढचं आतडं जोडतात. मला रात्री छातीत जळजळ व्हायची. पहिल्या प्रकारानं ती वाढू शकते, म्हणून मला बायपास सुचवलं. दोन्ही दुर्बिणीतून होतात. अनुभवी ठिकाणी जिवाचा धोका हजारात एखाद्यालाच असतो, पण तो एक कुणाचा तरी माणूस असतो. पोटातली जोडणी गळू शकते, रक्ताची गुठळी होऊ शकते. सर्जननी हे ह्यांना समोर बसवून सांगितलं. त्या दिवशी परतीच्या वाटेवर खंबाटकी घाट उतरेपर्यंत आम्ही दोघंही गप्प होतो.

शेवटी मी ठरवलं ते फोटोतल्या बारीक बायका बघून नव्हे, तर उठून बसलेल्या ह्यांच्याकडं बघून.

पुढची गोष्ट जाहिरातीत नसते. पहिले दोन आठवडे नुसतं पातळ. जेवताना पाणी प्यायचं नाही. आधी डाळ, अंडं, पनीर, मग जागा उरली तर भाकरीचा तुकडा. चौथ्या महिन्यात केस मुठीनं गळले. होळीला मी हट्टानं पाव पुरणपोळी खाल्ली. दहा मिनिटांत छाती धडधडून घामानं भिजले. गोड एकदम आतड्यात उतरलं की असं होतं. गुडघ्यांसाठी घेत होते त्या वेदनाशामक गोळ्याही बंद, कारण बायपासनंतर त्यांनी व्रण होतात. बी-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व जन्मभर. वर्षाला रक्त तपासायचं. आज साडेतीन वर्षांनी वजन ७६ आहे. ७३ झालं होतं, तीन किलो परत आले. मधुमेहाच्या गोळ्या बंद आहेत, पण डॉक्टर "बरा झाला" म्हणत नाहीत, "शांत आहे" म्हणतात. दंडाची कातडी लोंबते. ह्यांना झोप लागते.

आता अक्का. तिचा बीएमआय ३२, सोबत मधुमेह. माझं बघून ती पुण्याला निघालीच होती. तिथल्या समुपदेशक बाईंनी तिला वजनाचं काहीच विचारलं नाही. विचारलं, "रात्री काय खाता?" अक्का बराच वेळ बोलली नाही. दाजी गेल्यापासून रात्री दोनला उठून ती भडंगाचा डबा घेऊन बसायची, डबा संपेपर्यंत. बाई म्हणाल्या, पोट लहान केलं तरी रात्रीचे दोन वाजायचे राहणार नाहीत. आधी त्याचं बघू, ऑपरेशन कुठं पळून जात नाही. अक्का चिडली. मीही चिडले, कारण सोबतीला कुणी मिळेल असं मला वाटलं होतं.

वर्षभर ती समुपदेशनाला जाते आहे. मधुमेहाची औषधं बदलली. रोज संध्याकाळी आयर्विन पुलापर्यंत चालत जाते. आठवड्याला एक घ्यायचं टिर्झेपटाइडचं इंजेक्शन मार्च २०२५ पासून आपल्याकडं मिळतं, त्याचीही चौकशी केली. ते थांबवलं की वजन बहुधा परत चढतं, हे ऐकून तिनं तूर्त नको म्हटलं. वजन पाच किलो उतरलं आहे. फार नाही. साखर मात्र आटोक्यात आहे.

पुढच्या आठवड्यात तिची तपासणी आहे, मी सांगलीला जाणार आहे. भडंग करून ठेवू नकोस, असं फोनवर बजावलंय. म्हणाली, "तुझ्यापुरतं मूठभर करते, माझ्यासमोर खा."