व्हॅन गॉग घराण्यातली सहा भावंडं

चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉग आणि त्याला पैसे पुरवणारा धाकटा भाऊ थिओ आपल्याला माहीत असतात. पण नेदरलँड्समधल्या झुंडर्ट गावच्या धर्मोपदेशकाच्या घरात एकूण सहा भावंडं वाढली: व्हिन्सेंट, ॲना, थिओ, एलिझाबेथ, विलेमिन आणि कॉर. पोटापाण्यासाठी त्यांतली काही देशाबाहेर पडली. ॲना इंग्लंडमध्ये वेल्विनला शिक्षिका होती. 1876 मध्ये व्हिन्सेंट तिला भेटायला समुद्रकाठच्या रॅम्सगेटहून लंडनमार्गे निघाला आणि बहुतेक वाट त्याने पायी तुडवली. पुढे व्हिन्सेंट आणि थिओ दोघंही फ्रान्सला गेले.

सगळ्यांत दूर गेला तो शेंडेफळ कॉर, आणि त्याचीच आठवण सगळ्यांत कमी निघते, याचं मला वाईट वाटतं. 1889 मध्ये, अवघ्या बाविसाव्या वर्षी, त्याने दक्षिण आफ्रिका गाठली. तिथे खाणीत आणि मग रेल्वेत त्याने काम केलं. बोअर युद्धात तो ब्रिटिशांविरुद्ध उतरला आणि 1900 मध्ये तिथेच वारला.

व्हिन्सेंट 1890 च्या जुलैत गेला आणि सहा महिन्यांत थिओही. धाकटी विलेमिन जवळजवळ चाळीस वर्षं मनोरुग्णालयात राहिली. या घराची कहाणी आपल्यापर्यंत आली ती थिओची पत्नी योहाना हिच्यामुळे. थिओला आलेली व्हिन्सेंटची पत्रं तिने 1914 मध्ये प्रसिद्ध केली. ती आज इंग्रजी अनुवादासह इंटरनेटवर मोफत उपलब्ध आहेत. जरूर वाचा.