डोके, हात आणि मन



प्रगतिपुस्तक हाती पडताच आपण गुण पाहतो. मूल पाहत नाही. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेनंतर डॉ. झाकीर हुसेन समितीने हस्तव्यवसायातून शिक्षणाची योजना मांडली. टकळीवर सूत काढणारे मूल तार मोजता मोजता गणित शिकते, हा त्यातला विचार. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेही सर्वांगीण विकास सांगितला, शारीरिक शिक्षेस मनाई केली. तरी पालक म्हणतात, "खेळाचा तास बंद करा, गणित वाढवा."

चौथीतली मुलगी बाजाराचा हिशेब ठेवते, धाकट्या भावाला सांभाळते. तिला 'ढ' ठरवून शाळेतून काढू नका. रोज रात्री एवढेच विचारा : बेटी, आज काय केलेस? आणि उत्तर पुरते ऐका.

खुदा हाफिज.