जन्माची गाठ आणि बाईचा होकार



आज आम्ही लग्नाबद्दल बोलणार आहोत, पण आपल्या नाही, कॅथलिक ख्रिस्ती लोकांच्या. तुम्ही म्हणाल, त्यांचं आपल्याला काय? गटाच्या बैठकीत कुणी नवऱ्याच्या मारहाणीबद्दल तोंड उघडलं, की एखादी म्हातारी हमखास म्हणते, "जन्माची गाठ आहे बाई, सोसायचं." आता कॅथलिक धर्मात ही जन्माची गाठ जितकी पक्की मानतात, तितकी फार थोड्या ठिकाणी मानत असतील. ते लोक सोसण्याबद्दल काय म्हणतात, ते आपण ऐकू या.

हे लोक काही परदेशातले नाहीत. आपल्या महाराष्ट्रात वसईला पोर्तुगीजांच्या काळापासून कॅथलिक वस्ती आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई जिंकली, पोर्तुगीज गेले, पण हे लोक तिथंच राहिले. ते आपल्यासारखे शेती-बागायती करणारे, मराठी बोलणारे. उस्मानाबादच्या २०२० सालच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच वसईचे.

आपल्याकडे सोळा संस्कार सांगतात, त्यांच्याकडे सात, आणि लग्न हा त्यातला एक. दोघंही बाप्तिस्मा घेतलेले असतील, लग्न रीतसर लागलं असेल आणि संसार सुरू झाला असेल, तर ती गाठ फक्त मरणानं सुटते. कुणी धर्मगुरू ती तोडू शकत नाही, पोपही नाही. म्हणून त्यांच्या धर्मात घटस्फोट नाही.

आपल्या बाजूला अनेक जातींत काडीमोड होती, पाट लावायची रीत होती. म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांना सुटायची वाट माहीत होती. कॅथलिक धर्मात ती वाट नाही. पण त्यांच्या तीन गोष्टी आपण नीट समजून घेण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट होकाराची. आपल्याला वाटतं, लग्न भटजी लावतो, तसं तिकडं फादर लावत असेल. तसं नाही. लग्न लावतात ते नवरा आणि नवरी स्वतः, एकमेकांना दिलेल्या शब्दानं. फादर चर्चच्या वतीनं तो शब्द घेतो, आणि सोबत दोन साक्षीदार लागतात. त्याआधी फादर दोघांची चौकशी करतो, मनानं तयार आहात ना, कुणाची बळजबरी नाही ना, असं विचारतो. बळजबरीनं किंवा धाक घालून होकार घेतला असेल, तर चर्चच्या कायद्यानं ते लग्न झालेलंच नसतं.

आपल्या गटात कर्जाच्या कागदावर कुणाचा हात धरून अंगठा उठवला, तर तो कागद आपण मानू का? नाही मानणार. तसंच हे. गाठ जन्मभराची, म्हणून तर आधी विचारायचं. आपण गाठ जन्मभराची म्हणतो, पण पोरीला विचारतो का? विचारलं तरी चार माणसांत, मान खाली घालून बसलेली असताना.

दुसरी गोष्ट विधवेची. त्यांचं लग्न मरणापर्यंतचं, सात जन्मांचं नाही. नवरा वारला की बाई मोकळी. तिला पुन्हा लग्न करायचं असेल, तर त्याच चर्चमध्ये, त्याच मानानं करता येतं.

तिसरी गोष्ट सोसण्याची, आणि आज बोलायचं खरं कारण हेच आहे. नवऱ्यापासून बाईच्या किंवा लेकरांच्या जिवाला, मनाला मोठा धोका असेल, तर तिनं वेगळं राहावं, याला चर्चचा कायदाच परवानगी देतो. एरवी धर्मप्रमुखाची, म्हणजे बिशपची संमती घ्यावी लागते. पण धोका अंगावर आला असेल, तर तिनं आधी स्वतःच बाहेर पडावं, असंही त्यात आहे. गाठ राहते, पण मार खात राहायची सक्ती राहत नाही.

पोप फ्रान्सिस यांनी २०१६ सालच्या आपल्या लेखनात सांगितलं, की काही वेळा बाईला आणि लेकरांना वाचवायला वेगळं होणंच भाग असतं. ज्या धर्मात घटस्फोटच नाही, त्या धर्माच्या तेव्हाच्या सर्वांत मोठ्या गुरूनं हे सांगितलं. मग आपण कुठल्या धर्माच्या नावानं सोसायला सांगतो?

आता कायद्याचं. ख्रिस्ती लोकांसाठी इंग्रजांनी १८६९ साली घटस्फोटाचा कायदा केला. त्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवला की पुरे. बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला छळ किंवा टाकून देणं, असंही काही सिद्ध करावं लागे. हा भेदभाव मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं १९९७ साली घटनाबाह्य ठरवला. मग २००१ साली संसदेनं कायदा बदलला, आणि दोघांना बहुतेक कारणं सारखीच मिळाली.

अजून एक ध्यानात ठेवा. लग्न मुळातच झालं नव्हतं असा निकाल चर्च देऊ शकतं, पण तेवढ्यानं सरकारदरबारी लग्न रद्द होत नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९९६ साली हे स्पष्ट केलं. कोर्टाचा निकाल लागतोच. कुणा पंचांच्या चिठ्ठीवर विसंबून दुसरं लग्न करायला निघालेल्या प्रत्येकानं हे लक्षात घ्यावं.

कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा सगळ्या धर्मांच्या बायकांना लागू आहे. त्यात राहत्या घरात राहण्याचा हक्क मिळतो, संरक्षणाचा आदेश मिळतो, आणि त्यासाठी घटस्फोट घ्यावा लागत नाही. चर्चच्या तिसऱ्या गोष्टीसारखंच हे. बाईचं उत्पन्न कितीही असो, तिला वकील फुकट मिळतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा. तातडीनं मदत हवी असेल तर १८१ किंवा ११२ फिरवायचा.

आता पुढच्या मासिक बैठकीत बचत आणि हप्ते झाले, की दोन विषय घ्या. एक, ज्यांच्या घरी यंदा लेकीचं लग्न आहे, त्यांनी तिला एकटीला बसवून विचारलं का? तिनं नको म्हटलं, तर ते ऐकायची घराची तयारी आहे का? लग्न झालं की ग्रामपंचायतीत नोंद करायचंही तेव्हाच ठरवा. दोन, गटातली एखादी रात्री लेकरं घेऊन घराबाहेर पडली, तर कुणाच्या दाराशी जाईल? ते दार आजच ठरवा, आणि तिला तसं सांगून ठेवा.

आणि कुणी म्हणालं, जन्माची गाठ आहे, सोसायचं, तर तिला एवढंच सांगा, की गाठ दोघांनी बांधलेली असते. ती जपायची जबाबदारीही दोघांची.