उंबरठा सर्वांना ओलांडता यावा

(गणेशोत्सवात मंडळाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



आम्ही काही वक्ते नव्हे. सिव्हिलचा डिप्लोमा करून सरकारी नोकरीत लागलो आणि गेली वीस-बावीस वर्षे नकाशे, मोजमापे आणि साइट यांतच गेली. कार्यकारिणीने सांगितले, "तुम्हाला जे माहीत आहे त्यावरच बोला." म्हणून आजचा विषय घेतला, दिव्यांगांची घरे आणि आपले शहर.

सुरुवात घरापासून करतो. तीन वर्षांपूर्वी आमच्या आईचे खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया चांगली झाली. पण घर तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. खुर्चीत बसवून चौघांनी तिला वर नेले. त्यानंतर ती खाली उतरली ती फक्त डॉक्टरांकडे जाण्यापुरती. त्या वर्षी गणपतीची आरती तिने गॅलरीतूनच ऐकली. एकदा सहज म्हणाली, "अरे, तू तर इमारतीच बांधतोस ना?" आमच्याजवळ उत्तर नव्हते.

उत्तर नव्हते, कारण एक जुनी गोष्ट आठवली. एका कार्यालयाच्या इमारतीला उतार, म्हणजे रॅम्प करायचा होता. जोते दोन फूट उंच. नियम असा की एक फूट चढायला बारा फूट लांबी हवी. म्हणजे चोवीस फूट. जागा होती बारा फूट. आम्ही बारा फुटांतच बसवला. कागदावर 'रॅम्प आहे' अशी नोंद झाली, बिल निघाले. त्या उतारावरून व्हीलचेअर एकट्याने चढवणे शक्य नव्हते. मोटरसायकली मात्र सुखाने चढत. चूक आमची होती आणि ती इथे कबूल करायला हरकत नाही.

आपल्या भोपाळला तर हा विषय परका नसावा. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री गॅसकांड झाले. कितीतरी जणांची फुप्फुसे आणि डोळे कायमचे अधू झाले. पुढे १९९२ साली संयुक्त राष्ट्रांनी जागतिक अपंग दिन ठरवला, तोही ३ डिसेंबरच. हा योगायोग खरा, पण आपण तरी तो विसरू नये.

गॅसपीडित विधवांसाठी सरकारने करोंदकडे २,४८६ सदनिका बांधल्या. लोक तिला विधवा कॉलनीच म्हणतात. इमारती दुमजली आणि चारमजली. वरच्या मजल्यांवर पाणी पोहोचत नसे. जिला चार पावले चालल्यावर दम लागतो, तिने खालून बादली भरून जिना चढायचा! घर देणाऱ्याची नियत वाईट नव्हती. घरे किती, हे मोजले गेले. त्यांत राहणार कोण, हे नकाशा काढताना कोणी विचारले नाही.

कायदा आता बराच पुढे गेला आहे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या कायद्यात एकवीस आहेत. त्याच्या कलम ३७ नुसार सरकारी घरकुल योजनांत पाच टक्के आरक्षण आहे, त्यातही स्त्रियांना प्राधान्य. कलम ४४ म्हणते, नकाशा सुगम्यतेच्या नियमांत बसत नसेल तर बांधकामाची परवानगीच देऊ नये. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने, स्पष्ट केले की ही मानके नुसती शिफारस म्हणून चालणार नाहीत, ती बंधनकारक हवीत.

पण आरक्षण घराचा क्रमांक देते, दार रुंद करत नाही. सोडतीत वरच्या मजल्यावरचे घर लागले आणि लिफ्ट बंद पडली, तर ते पाच टक्के काय कामाचे? न्हाणीघराचे दार अडीच फुटांचे आणि आत वळायला पाच फुटांची जागा नाही, तर माणूस स्वतःच्या घरात परावलंबी होतो. शिवाय घर म्हणजे चार भिंती नव्हेत. दारापासून बस थांब्यापर्यंतचा रस्ता, दवाखाना, किराणा हेही घरच. आपले शहर टेकड्यांचे. इथे हे सगळे आराखड्यातच धरावे लागते. इमारत उभी राहिल्यावर दार रुंद करायचे म्हणजे भिंत फोडणे आले. नकाशावर ते पेन्सिलीच्या एका रेघेचे काम असते.

तुमच्यापैकी अनेकांचे वडील १९५६ साली राजधानी झाल्यावर नागपूरहून बदली होऊन इथे आले. तेव्हाचे तरुण आज ऐंशी-नव्वदीत आहेत. जुनी घरे विकून आपण बहुमजली इमारतींत जात आहोत. फ्लॅट घेताना आपण दिशा विचारतो, पार्किंग विचारतो. आता दोन प्रश्न आणखी विचारा: रस्त्यापासून लिफ्टपर्यंत किती पायऱ्या आहेत? आणि वीज गेली तर लिफ्ट चालते का? घेणारे विचारू लागले की बांधणारे ऐकतात.

आपला बाप्पा एकदंत आहे, वक्रतुंड आहे. त्याच्या वेगळ्या देहाचे आपण इतके कौतुक करतो. आणि त्याच्या दर्शनाला येणाऱ्याच्या वेगळ्या देहासाठी वाट ठेवत नाही.

शेवटी घरचेच सांगतो. आज या सभागृहात येताना आम्ही पायऱ्या मोजल्या. पाच आहेत, एकूण उंची अडीच फूट. म्हणजे तीस फुटांचा उतार लागेल. जिथे आपण चपला काढतो त्या भिंतीलगत, मध्ये एक वळण घेऊन तो नीट बसतो. आम्ही टेप लावून पाहिले आहे. नकाशा आम्ही काढून देतो, कामावरही उभे राहतो. वर्गणीचे तेवढे कार्यकारिणीने बघावे.

या वेळी माप चुकणार नाही. पुढच्या वर्षी आई आरतीला खाली येईल, अशी आशा आहे. तिच्यासारखे अजून किती जण गॅलरीत बसून आहेत, ते आपापल्या घरी जाऊन पाहा.

गणपती बाप्पा मोरया!