कानवले आणि ऋणानुबंध
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



परदेशातील वास्तव्याविषयी आम्ही दोन शब्द बोलावेत, अशी चिटणिसांची आज्ञा झाली. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले, रोह्यास मुलांना बाराखडी शिकविण्यात जन्म घालविलेले मास्तर. तेव्हा मोठ्या गोष्टी न सांगता आमच्या स्वयंपाकघरातील एक हकीकत सांगतो.

सेवानिवृत्तीनंतर आम्ही उभयतां चिरंजीवांकडे कॅनडात, टोरांटोलगतच्या मिसिसॉगा शहरी राहावयास गेलो. निघताना कुटुंबाने सासूबाईंच्या हातची पाककृतींची वही जपून बरोबर घेतली. कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ने १९७० साली वाटी-चमच्याचे माप घरोघर नेले; आमची वही त्याहून जुनी. तीत ‘मूठभर’, ‘अंदाजे’, ‘लागेल तसे’ एवढीच मापे. मूठ कोणाची, अंदाज कोणाचा, हे वही कसे सांगणार?

वालाच्या बिरड्याचे तरी निभावले. कडवे वाल तेथील देशी दुकानांत मिळतात. परंतु त्या थंडीत मोड येईनात. अखेर फडक्यात बांधलेले वाल बंद भट्टीत ठेवून आतला नुसता दिवा लावला. तेवढ्या उबेने मोड आले. कोमट पाण्यात टाकून ते सोलण्याचे काम नातवंडांनी खेळ समजून केले.

खरी परीक्षा दिवाळीत झाली. खाजाचे कानवले म्हणजे आपल्या घरांतील दिवाळीचा मान. रोह्यास चार घरच्या बायका आमच्या माजघरात जमत. एक पोळी लाटी, दुसरी साठा लावी, तिसरी सारण भरी, चौथी मंद आचेवर तळी. मिसिसॉग्यास कुटुंब एकटी. साठ्याच्या गुठळ्या झाल्या, पोळ्यांना चिरा पडल्या, आणि तळताना पदर सुटण्याऐवजी कानवले फुटून सारण तुपात गेले. त्या माउलीच्या डोळ्यांत पाणी आले.

“तुमच्या मैत्रिणीस विचारा ना,” आम्ही म्हणालो. त्यावर ती गप्प राहिली. त्या मौनाचे कारण आम्हांसही ठाऊक होते, आणि त्यात आमचाही दोष होता. ज्या शेजारणीबरोबर तिने तीस दिवाळ्या कानवले केले, तिला आम्ही दोन वर्षांत एकदाही फोन केला नव्हता. उन्हाळ्यात साडेनऊ तासांचे अंतर, हिवाळ्यात साडेदहा. येथे सकाळ तर तेथे रात्र. आज करू, उद्या करू, असे म्हणत दिवस गेले. मध्यंतरी तिचे यजमान निवर्तले. ती वार्ता आम्हांस तेरावा उलटून गेल्यावर तिऱ्हाइताकडून कळली, आणि मग कोणत्या तोंडाने बोलावे, या संकोचात आणखी सहा महिने गेले.

त्या रात्री कुटुंबाने धीर करून फोन लावला. पलीकडून शब्द आले, “कानवल्यांचे मग सांगते गं. आधी इतके दिवस कुठे होतीस, ते सांग.” पुढे बराच वेळ दोघींना रडण्यावाचून काही सुचले नाही. मग तिने विचारपूस करून निदान केले. थंडीने तूप थिजते, म्हणून साठा गुठळतो. तांदळाची पिठी व तूप उबदार जागी, हलके होईपर्यंत फेसावे. घर यंत्राने तापविल्यामुळे हवा कोरडी होते. पीठ व पोळ्या ओल्या फडक्याखाली ठेवाव्यात. “आणि एकटीने करू नकोस,” हे तिने शेवटी सांगितले.

तोही उपदेश आम्ही मानला. शेजारी गोव्याच्या एक ख्रिस्ती बाई राहतात. नाताळात त्यांच्याकडे नेवऱ्या होतात. त्या मदतीस आल्या, सूनबाई बसल्या, आणि दुसऱ्या खेपेस कानवल्यांचे पदर सुटले. नाताळात कुटुंब त्यांच्या नेवऱ्या भरावयास गेली. आपल्या घरची चव जपणे म्हणजे दुसऱ्यास दार लावून घेणे नव्हे, हे आम्ही तेथे शिकलो.

आता दर रविवारी सकाळी रोह्यास फोन होतो. वहीतील ‘मूठभर’ आम्ही तराजूवर तोलून ग्रॅममध्ये लिहून काढीत आहोत, आणि प्रत्येक कृतीखाली ती कोणाकडून आली, त्या बाईचे नाव घालीत आहोत. नातवंडांस माप कळेल, तसेच माणूसही कळेल.

मंडळी, आपल्यापैकी अनेकांची मुले परदेशी आहेत. उतारवयात आपणांसही जावे लागेल. जाताना वही अवश्य न्यावी. परंतु ज्यांच्या हातांनी ती वही खरी केली, त्या माणसांस विसरू नये. आम्हांस उशिरा का होईना, क्षमा मिळाली. ती मिळण्यापूर्वीच पलीकडचा आवाज कायमचा थांबला असता, तर कानवले कोणत्याही मापाने साधले नसते. ज्यांचा असा एखादा फोन करावयाचा राहिला असेल, त्यांनी तो आज घरी जाताच करावा, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.