समितीच्या पाटीमागे
(स्वागताध्यक्षीय भाषण)



विद्यापीठांच्या परिसरात घडणाऱ्या लैंगिक अत्याचारांचा प्रतिबंध आणि निवारण या विषयाचा ऊहापोह करण्यासाठी आपण करवीरनगरीत आलात, याबद्दल स्वागतसमितीच्या वतीने मी आपले मनःपूर्वक स्वागत करते. पाहुण्यांपुढे नगरीचे गुणगान करावे असा स्वागताध्यक्षांचा परिपाठ आहे. परंतु अंबाबाईची आणि रंकाळ्याची ओळख मी करून द्यावी असे येथे कोणी नसल्याने, प्रस्तुत विषयाशी निगडित अशा दोनच गोष्टींचे स्मरण करते. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढताना राजर्षी शाहू महाराजांनी, खेड्यातील मुलास शिकवायचे तर शहरात त्याच्या डोक्यावर आधी छप्पर हवे, हे जाणले. आणि १९१९ साली स्त्रियांना क्रूरपणे वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा संस्थानात जारी करून, उंबऱ्याआडचा जुलूमही दरबारच्या दखलीचा विषय होय, असे ठरवून टाकले.

आज चंदगड, गगनबावडा, शाहूवाडी येथून एस.टी.ने येऊन वसतिगृहात राहणारी मुलगी तक्रार करताना कचरते, ती केवळ गुन्हेगाराच्या भयाने नव्हे. ही वार्ता गावी पोहोचली तर शिक्षण बंद होऊन लग्न उरकले जाईल, हे तिला पक्के ठाऊक असते. अशी मुलगी धीर करून कार्यालयात येते, तेव्हा ‘अर्जावर पालकांची सही आणलीस का?’ असा सवाल तिला टाकला जातो. वास्तविक विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांत अशा सहीची अट कोठेही नाही. उलट जिला लेखी तक्रार देता येत नसेल तिला संस्थेच्या अंतर्गत तक्रार समितीने साह्य करावे, असाच दंडक आहे.

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविषयीचा विशाखा खटल्याचा १९९७ चा निकाल, त्याच्या अंमलबजावणीसाठी पुण्याच्या मेधा कोतवाल लेले यांनी सर्वोच्च न्यायालयात दिलेला प्रदीर्घ लढा आणि त्याच विषयावरचा २०१३ चा कायदा यांची माहिती आपणांस आहेच. तेव्हा कायद्याची वाण आहे, असे मला वाटत नाही. समितीची पाटी लागलेली असते. मात्र ती जिन्याखाली, आणि तिच्यावरील दोन नावे सेवानिवृत्तांची. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख यांना समितीत बसता येत नाही व विद्यार्थ्यांच्या प्रकरणी तीन निर्वाचित विद्यार्थी-प्रतिनिधी घ्यावे लागतात, हे किती संस्थाचालकांच्या गावी असते, हा प्रश्न मी आपल्या सौजन्यावर सोडते.

परंतु मला अधिक चिंता वाटते ती चौकशी करणाऱ्यांच्या अनभिज्ञतेची. गोवा विद्यापीठातील एका विभागप्रमुखाविरुद्ध २००९ साली विद्यार्थिनींनी तक्रारी केल्या; समितीने विभागप्रमुखांना दोषी ठरविले, विद्यापीठाने बडतर्फ केले, उच्च न्यायालयाने २०१२ साली त्यावर शिक्कामोर्तब केले; आणि १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, लागोपाठ बैठका घेऊन घाईने उरकलेल्या चौकशीत त्यांना आपली कैफियत मांडण्याची वाजवी संधी मिळाली नाही म्हणून, बडतर्फी रद्द करून प्रकरण फेरचौकशीसाठी समितीकडे परत धाडले. चौदा वर्षांनी पुन्हा चौकशी! ज्यांच्यावर आरोप झाला त्यांस न्याय नाकारला गेला, हे तर खरेच. पण ज्यांनी शिकत असताना धाडस केले, त्यांना प्रौढ वयात तीच हकीकत पुन्हा सांगावयास लावणे, याचा दोष न्यायालयाकडे नव्हे, तर सदस्यांना साक्ष कशी नोंदवावी हे न शिकविता समितीवर नेमणाऱ्या आपल्या पद्धतीकडे जातो. चौकशीस नव्वद दिवसांची मुदत आहे, ती दिरंगाईस आळा घालण्यासाठी. चार दिवसांत हात झटकून मोकळे होण्याची ती सनद नव्हे.

म्हणूनच दुपारचे सत्र आम्ही व्याख्यानांस न देता, तक्रारीची प्रत सात दिवसांत कशी बजावावी, उलटतपासणीचे प्रश्न मुलीस समोरासमोर न बसविता कसे विचारावेत आणि दप्तरातील गोपनीयता शिपायापासून सचिवापर्यंत कशी राखावी, याच्या प्रत्यक्ष सरावासाठी राखले आहे. पांढऱ्या रश्श्याच्या भोजनानंतर डोळे जड होतात, हे मान्य करूनही, प्राचार्यांनी त्या वेळी परस्पर गाडी गाठू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.