पायाखालचा भार

मधुमेहावर बोलायचं म्हटलं की आपण साखर, भात, गोळ्या, फार तर इन्सुलिन इथपर्यंत येऊन थांबतो. आज थोडं खाली उतरू या. तळपायापर्यंत, आणि त्याच्याही खाली, बुटाच्या किंवा चपलेच्या आतल्या सोलपर्यंत.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात पायांना उसंत नाही. कुणी जीन्सच्या कारखान्यात उभा, कुणी फर्निचरच्या दुकानात, कुणी एमआयडीसीत. बदलापूरहून सीएसएमटी ६८ किलोमीटर. तेवढा प्रवास अनेकदा उभ्यानंच. एरवी पाय थकला की कुरकुर करतो. चवडा दुखला की आपण नकळत भार टाचेवर घेतो, खडा टोचला की थांबतो. पण शुगर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात आणि ही कुरकुरच बंद पडते. दुखत नाही, म्हणून माणूस त्याच जागेवर हजारो पावलं टाकत राहतो. आधी घट्टा पडतो, मग घट्ट्याखाली रक्त साकळतं, मग जखम होते. बहुधा अंगठ्याखाली किंवा चवड्याच्या हाडांखाली. ड्रेसिंग चालू असतं, औषध चालू असतं, आणि त्याच जखमेवर उभा राहून माणूस कामही करत असतो. भरायची कशी ती?

हे कोडं आधी सुटलं ते कुष्ठरोगाच्या उपचारात, आपल्याच देशात. डॉ. पॉल ब्रँड १९४६ साली वेल्लोरला आले. कुष्ठरुग्णांचे पाय रोगानंच झडतात, असं तेव्हा सर्रास मानलं जाई. ब्रँड यांनी दाखवून दिलं की रोग पाय बधिर करतो. पुढची नासाडी करतो तो चालताना पडणारा दाब. पाय प्लास्टरमध्ये ठेवला की जखम भरे. ती पुन्हा होऊ नये म्हणून मायक्रोसेल्युलर रबराच्या मऊ सोलची पादत्राणं आली. ‘एमसीआर चप्पल’ म्हणून ती आजही कुष्ठरोग कार्यक्रमात रुग्णांना मिळतात. १९६६ साली ब्रँड अमेरिकेत कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले, आणि हीच विद्या तिथे मधुमेहींच्या पायांसाठीही कामी आली.

पायाच्या मापाचा हा आतला सोल, म्हणजे इनसोल, नेमकं करतो काय? डोक्यावर हंडा घेताना बाई खाली चुंबळ ठेवते. हंड्याचं वजन तेवढंच राहतं, पण ते एका जागी रुतत नाही. इनसोलचं काम तेच. पायाचा ठसा फोमच्या पेटीत किंवा प्लास्टरमध्ये घेतात आणि त्या आकाराचा सोल घडवतात, म्हणजे तळव्याचा खोलगट भागही भार उचलायला लागतो. चवड्याच्या हाडांच्या किंचित मागे एक उंचवटा देतात. त्यामुळे हाडांच्या टोकांवरचा दाब मागे सरकतो. वरचा थर मऊ, खालचा जरा टणक. बाजारात मिळणारा नुसता गुबगुबीत जेलचा सोल म्हणजे हे नव्हे. आणि अ‍ॅक्युप्रेशरच्या टोकांची चप्पल बधिर पायांनी घालूच नये. ज्याचा दाब कमी करायचा, त्यालाच ती टोचते.

दोन गोष्टी मात्र नीट ऐका. पहिली: चवड्याखाली जखम उघडी असताना एकट्या इनसोलवर विसंबू नका. रक्तपुरवठा ठीक असेल आणि जंतुसंसर्ग आटोक्यात असेल, तर गुडघ्यापर्यंतचं, रुग्णाला स्वतः काढता न येणारं प्लास्टर किंवा तसाच बूट, हा पहिला उपाय. २०२३ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वंही तेच सांगतात. इनसोलची खरी कामगिरी जखम भरल्यानंतरची, कारण भरलेल्या जखमांपैकी साधारण ४० टक्के वर्षभरात पुन्हा उघडतात. दुसरी: जखमेच्या जागी सोलला घरच्या घरी भोक पाडू नका. भोकाच्या कडेवर दाब वाढतो आणि नवी जखम होऊ शकते. शिवाय जाड इनसोल जुन्याच बुटात कोंबला, तर बोटं वरून घासतात. बूटही तेवढा खोल हवा.

आता मुद्द्याचं. नेदरलँड्समध्ये १७१ रुग्णांवर १८ महिने एक अभ्यास झाला. निष्कर्ष २०१३ साली आले. एका गटाचे बूट दाब मोजून मोजून सुधारले होते, दुसऱ्याचे नेहमीसारखे मापाचे होते. एकंदरीत पाहता दोन्ही गटांत फारसा फरक दिसला नाही. पण ज्यांनी किमान ८० टक्के पावलं ते बूट घालून टाकली, त्यांच्यात चित्र पालटलं. नेहमीच्या बुटांत सुमारे ४८ टक्के लोकांना पुन्हा जखम झाली, सुधारलेल्या बुटांत सुमारे २६ टक्के. तिथल्याच दुसऱ्या एका पाहणीत असं दिसलं की लोक घराबाहेर ८७ टक्के पावलं बुटांत टाकतात, घरात मात्र ६१ टक्केच.

डच माणसाचं हे, तर उंबरठ्याबाहेर चपला काढणाऱ्या आपलं काय सांगावं! म्हणून घरासाठी वेगळी, स्वच्छ जोडी ठेवा. अंगठ्यात धरायची चप्पल नको. बधिर पायातून ती कधी निसटते ते कळत नाही. मागे पट्टा असलेली, एमसीआर सोलची सँडल बरी. अंबरनाथच्या शिवमंदिरात जायचं तर सकाळी लवकर जा, जाड सुती मोजे घाला. तापलेल्या दगडाचा चटका बधिर पायाला कळत नाही, पण फोड यायचा तो येतोच. पावसाळ्यात ओला इनसोल काढून सावलीत वाळवा, तोवर दुसरी जोडी वापरा. रोज पायात घालण्याआधी आत हात फिरवून खडा, खिळा पाहा. सोल दबून सपाट झाला की बदलून घ्या.

असे इनसोल कृत्रिम अवयव आणि आधारसाधनं करणाऱ्या केंद्रांत बनतात. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे, तिथेही असा विभाग आहे.

एक शेवटचं. दवाखान्यात शिरताना आपण चपला दाराबाहेर काढतो. त्यामुळे डॉक्टर रिपोर्ट बघतात, चप्पल कधीच बघत नाहीत. खरं तर अंगठ्याखाली सोल कुठे खोल गेला आहे, कोणती कड झिजली आहे, यावरून पुढची जखम कुठे होणार याचा अंदाज येतो. पुढच्या खेपेला रोजची चप्पल पिशवीत घालून आत न्या, टेबलाशेजारी ठेवा, आणि मोजे काढून दोन्ही तळपाय दाखवा. डॉक्टरांनी विचारलं नाही, तरी दाखवा.